पंचमीची दिंडे कोणी करायची?



या सदरात आपण एरवी बोलतो ते बियाण्याविषयी, खताच्या हप्त्यांविषयी, नाहीतर अळीविषयी. पण श्रावण लागला की शिवारातले काम थोडे हलके होते आणि घरातले वाढते. बाजरीची खुरपणी उरकलेली असते, सोयाबीन फुलोऱ्याकडे निघालेले असते, पाऊस धरून असला तर वाफसाही मिळत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत लेकी माहेरी येतात. तेव्हा आज बांधावर न बसता चुलीपाशी बसू. चुलीपाशी बसले तरी विषय शेतीचाच निघतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पंचमीला देशावर पुरणाची दिंडे करतात. ज्यांच्याकडे पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या कणकेची पुरी लाटायची, तिच्या मध्यावर पुरण ठेवायचे, चारी बाजू एकावर एक दुमडून चौकोनी पुडी करायची आणि ती वाफेवर उकडायची. वर साजूक तुपाची धार. दिंड ते एवढेच. कोकणात आणि गोव्यात याच दिवशी हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. आपल्या दक्षिणेकडच्या सीमेवर कडबू करतात. जिन्नस वेगळे असले तरी रीत एकच आहे, पंचमीचा पदार्थ वाफेवरचा.

असे का, तर पंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. शेतात नांगर धरायचा नाही, कुदळ मारायची नाही. कहाणी तुम्हा सर्वांना पाठ असेल. शेतकरी नांगरत असताना फाळाखाली नागाची पिल्ले सापडली. नागीण चवताळली, तिने रात्री त्या घरातल्या सगळ्यांना दंश केला. मग तिला आठवले की या घरची एक लेक परगावी दिली आहे. तिलाही संपवायचे म्हणून नागीण तिच्या गावी गेली, तर ती लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवीत बसलेली. नागीण निवली. तिने लेकीला अमृत दिले आणि त्या अमृताने लेकीने आपले माहेर उठवले.

कहाणी ऐकून आपण उठतो ते नागाला हात जोडून. ते योग्यच आहे, उंदीर खाऊन आपले धान्य राखणारा तो प्राणी आहे. (त्याला दूध पाजायचा आग्रह मात्र धरू नका. साप दूध पिणारा प्राणी नव्हे, ते त्याच्या अंगाला मानवत नाही. चित्राला नैवेद्य दाखवला तरी पोचतो.) पण त्या कहाणीत माहेर वाचवले ते दिल्या घरी गेलेल्या लेकीने, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात राहत नाही.

आता माझा प्रश्न. पंचमीला घरोघर लेकी माहेरी येतात. आदल्या दिवशी, चतुर्थीला, त्यांनी भावाचा उपवास केलेला असतो. सकाळी झोका, मेंदी, फेर, वारुळाला जाणे, सगळे झाले पाहिजे. त्यांच्यासाठी दिंडे कोण करते? त्या घरची सून. आणि ती सून कोण? तीही कुणाच्या तरी घरची लेकच. तिच्याही भावाने झोका बांधलेला असतो, तिच्याही आईने डाळ भिजत घातलेली असते. घरी नणंदा आलेल्या, तेव्हा ती जाणार कशी? एका घरची माहेरवाशीण झोक्यावर बसावी म्हणून दुसऱ्या घरची माहेरवाशीण चुलीपुढून हलत नाही. वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे आणि कुणी वाईट मनाने केले आहे असेही नाही.

माझ्या सासरी दोन नणंदा. लग्न झाले तेव्हा मी शेतकी पदवी घेऊन नोकरीला लागलेली होते, गावोगाव फिरून माती परीक्षणाचे नमुने कसे घ्यायचे ते सांगत असे. पण पंचमीला नोकरी बाजूला आणि चूल पुढे. पहिली सहा-सात वर्षे मी पंचमीचे माहेर पाहिले नाही. तक्रार करायची तरी कोणाची? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याबरोबर उभ्या असत. नणंदा प्रेमळ होत्या. वर्षाने येणाऱ्या लेकीला काम सांगायचे नाही, हा दंडकच होता.

तो मोडला थोरल्या वन्संनी. एका चतुर्थीला संध्याकाळी डाळ निवडता निवडता त्यांनी मला विचारले, "वहिनी, तुझा भाऊ मुऱ्हाळी आला होता ना गं परवा? मग गेली का नाहीस?" मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "उद्या अकराच्या यष्टीनं जा तू. आम्हाला काय दिंडं वळता येत नाहीत होय? याच परातीवर शिकलोय आम्ही."

हे सांगायला सोपे, करायला तितके सोपे नव्हते. धाकट्या वन्सं लगेच रुसल्या. त्यांच्या सासरी दुधाचा धंदा. पहाटे चारला धार, मग शेण, मग वैरण. त्या म्हणाल्या, "दोन दिवस पाय पसरून बसावं म्हणून यायचं, तर इथंही चूलच का?" त्यांचे काही चुकत नव्हते. शेजारच्या एका बाईंनी तर वेशीपर्यंत बातमी नेली की, सून गेली माहेरी आणि लेकींना लावले कामाला. त्यावर आत्याबाईंनी एवढेच उत्तर दिले, "माझ्या लेकी आपल्या घरात जेवण करतात, तुमच्या नाही."

तोड निघाली ती कामाची नीट वाटणी केल्यावर. ती वाटणी मी तुम्हाला सांगणार आहे, कारण दिंडे हा पदार्थ वाटणीला फार चांगला. पुरणपोळी एकटीच्या हाताची असते, तव्यापुढून उठता येत नाही. दिंडांचे तसे नाही. पुरण आदल्या रात्री करून ठेवता येते, वळायला चार माणसे परातीभोवती बसून गप्पा मारीत बसू शकतात आणि उकडायला ठेवली की पंधरा मिनिटे कुणाची गरज नाही. आधी पुरणाकडे वळू.

डाळीपासून सुरुवात करते, कारण तिथेच बहुतेकांचे अडते. आपल्यापैकी पुष्कळजण हरभरा पिकवतात. मार्चमध्ये तो बाजार समितीत घालतात आणि श्रावणात दुकानातून डाळ विकत आणतात. हा व्यवहार मला कधी पटला नाही. शंभर किलो हरभऱ्याची साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली लहान डाळ गिरणी आता बऱ्याच गावांतून बचत गटांकडे आहे. घरापुरते अर्धे पोते हरभरा काढल्या काढल्या भरडून घ्या. अखंड हरभऱ्यात भुंग्याची अळी दाण्याच्या आत वाढते, म्हणून त्याला कीड लवकर लागते. भरडलेल्या डाळीला तिचा उपद्रव कमी. दाताखाली कट्‌कन तुटेल इतकी वाळवून, कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवली की पंचमी, गौरी, दिवाळी सगळे त्यात निघते. पुरणाला टपोऱ्या दाण्याची डाळ बरी पडते. राहुरीच्या विद्यापीठाचा विशाल हा वाण त्यासाठी चांगला.

मग तक्रार येते, "बाई, डाळ शिजतच नाही. चार शिट्ट्या काढल्या तरी दाणा टचटचीत." डाळीला नावे ठेवण्याआधी पाणी पाहा. आपल्याकडे आता घरोघर बोअरचे पाणी, आणि ते जड. त्यात चुना आणि मॅग्नेशियम असते. डाळीच्या दाण्यातल्या पेशी ज्या चिकट द्रव्याने एकमेकींना धरून असतात, त्याला हे क्षार घट्ट करतात आणि डाळ फुटत नाही. पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा नको. साबणाला फेस येत नसेल, किंवा पाणी उकळण्याच्या भांड्याला आतून पांढरे कीट धरत असेल, तर ते जडच. अशा वेळी श्रावणात आपल्या दारात फुकटचा उपाय पडत असतो. पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, पन्हाळी आणि छप्पर धुतले गेले की स्वच्छ भांड्यात पावसाचे पाणी धरा, फडक्यातून गाळा, आणि डाळ भिजवायला व शिजवायला तेच वापरा. उकळून घेतले म्हणजे काळजी नको. पाऊस नसेल तर बोअरचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळा, निवू द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचे घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण पुष्कळ फरक पडतो. चिमूटभर सोडा घालूनही डाळ शिजते. मला तो आवडत नाही, पुरणाला त्याची चव येते.

दुसरी गोष्ट, गूळ. डाळ बोटाने दाबल्यावर सहज चिरडली पाहिजे, तेव्हाच गूळ घाला. गूळ पडल्यानंतर डाळ आणखी शिजत नाही, मग तुम्ही किती का आटवा. गूळ घेताना पिवळाधमक पाहून भुलू नका. रंग उजळावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉसची पावडर टाकतात. तांबूस, काळसर गूळ दिसायला उणा असेल, पण पुरणाला खरी चव त्याचीच. ऊस आपण पिकवतो आणि गुळाचा रंग दुसऱ्याने पसंत केलेला, असे कशाला?

प्रमाण सांगते. दहा-बारा माणसांना अर्धा किलो डाळ, चारशे ते पाचशे ग्रॅम गूळ. गोडाची आवड आपापली. डाळ तासभर भिजवून शिजवली की चाळणीवर निथळा आणि खालचा कट ठेवून द्या, त्याची येळवणी होते. डाळ आणि गूळ जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. उलथने मध्ये उभे राहिले की पुरण झाले. पोळीच्या पुरणापेक्षा दिंडाचे पुरण अंमळ घट्ट हवे, नाहीतर वाफेवर पाणी सुटून पुडी फुटते. जायफळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. मग कुणी पुरणयंत्रातून काढतात, कुणी पाट्यावर वाटतात. काही घरांत वाटतच नाहीत, भरड डाळ दाताखाली येते ती तशीच ठेवतात. माझ्या सासरी भरड ठेवतात आणि आता मलाही तेच आवडते.

हे सारे चतुर्थीच्या रात्री. पुरण गरम असताना डब्यात भरून झाकू नका. झाकणाची वाफ पाणी होऊन त्यात पडते आणि श्रावणातल्या दमट हवेत ते सकाळपर्यंत आंबते. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, वर पातळ फडके टाका, मग कोरड्या डब्यात भरा. फ्रिज असेल तर उत्तमच. त्याच रात्री मटकी मोडाला बांधून ठेवा. पंचमीला भाजी चिरायची नाही, तेव्हा मोडाची उसळ सोयीची. कोथिंबीर, मिरची जे काय चिरायचे ते आदल्या रात्री चिरून ठेवणारी घरे आहेत. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी मिरच्या हाताने मोडून घालाव्यात.

आता कणीक. अर्धा किलो डाळीच्या पुरणाला पाऊण किलो कणीक धरून चला. त्यात मीठ, दोन-तीन चमचे कडकडीत तेलाचे मोहन, आणि पोळीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. गहू कोणता? रोजच्या पोळीचा साधा गहू चालतो. बन्सीचा रवा आणि शेवया उत्तम, दिंडाला तो थोडा ताठ वाटतो. सांगली-सातारा भागात खपली पिकवतात. तिची चव गोडसर आणि पुरणाला जोड फार चांगली, पण कणकेला ताण कमी, घडी घालताना कडा फाटतात. निम्मी खपली, निम्मा साधा गहू असे करून पाहा. मला ते जमलेले आहे.

आणि आता बसायचे परातीभोवती. पहिल्या वर्षी आमच्याकडे पुढीलप्रमाणे वाटणी ठरली आणि आजतागायत ती मोडलेली नाही. रात्रीचे पुरण सगळ्यांचे मिळून. सकाळची कणीक माझी, कारण मी लवकर उठते. लाटणे थोरल्या वन्संचे, भरणे आणि दुमडणे धाकट्या वन्संचे. ते बसून करायचे काम, उठायचे नाही. चुलीपाशी उभे राहायचे नाही, भांड्यांना हात लावायचा नाही, एवढे त्यांना वचन दिले. मुलांनी पाट मांडायचे. वाफेवर ठेवणे, उतरवणे, पाणी आणि मागची भांडी हे घरातल्या पुरुषांचे.

बंधूंनो, इथे तुम्ही मान वर करून पाहाल, म्हणून जरा थांबते. पंचमीला नांगर बंद, कुळव बंद, कुदळ बंद. औताला सुट्टी आहे. मग औत हाकणारे हात त्या दिवशी कशाला मोकळे ठेवायचे? बाजरीची कणसे कशी भरली आहेत हे पारावर बसून दहाव्यांदा बोलण्यापेक्षा चाळणीवरची दिंडे उतरवलेली काय वाईट? आमच्या घरी पहिल्या वर्षी मामंजींना हे रुचले नव्हते. ते ओसरीवरून म्हणाले, "आता गडी माणसांनी दिंडं उकडायची का?" तिसऱ्या वर्षी तेच घड्याळ हातात धरून चुलीपुढे बसत आणि वेळेआधी कुणी झाकण उघडले तर रागावत. ते गेले त्याला बरीच वर्षे झाली, पण वेळ बघायला बसणाऱ्याला आमच्याकडे अजून मामंजी म्हणतात.

दुमडण्यात एक खुबी आहे. पुरी लाटताना मध्य जाडसर आणि कडा पातळ ठेवा. चारी बाजू वर येऊन एकावर एक बसतात, तिथे कणकेचा थर चौपट होतो. कडा जाड राहिल्या की आतला थर कच्चा राहतो आणि दिंड दाताला चिकटते. शेवटची कडा ओल्या बोटाने दाबून टाका. लहान मुलांना बसवा. त्यांची दिंडे वाकडी होतात, होऊ द्या. वाकडी दिंडे कुणाची हे ओळखण्यात जेवणाची अर्धी मजा असते.

उकडायला मोदकपात्र असले तर ठीक. नसले तर मोठ्या पातेल्यात खाली पाणी, वर तेलाचा हात लावलेली चाळण, चाळणीवर हळदीची पाने. परसात हळदीचे दोन गड्डे लावून ठेवा, पाने श्रावणापासून मिळतात. दिंडे एकमेकांना चिकटवून मांडू नका. झाकणाला आतून कोरडे फडके बांधा, नाहीतर वाफेचे थेंब दिंडांवर पडून ती लिबलिबीत होतात. फडक्याची टोके मात्र वर गाठ मारून घ्या, ज्योतीपाशी लोंबू देऊ नका. पाण्याला उकळी आल्यावरच चाळण ठेवायची आणि बारा ते पंधरा मिनिटे. ओले बोट लावून पाहा. वरचे आवरण तुकतुकीत झाले आणि बोटाला चिकटले नाही, की झाले. अर्धा किलो डाळीत तीस-पस्तीस दिंडे होतात.

आमच्याकडे पहिली चाळण साडेनऊला उतरते. नैवेद्य दाखवून दहाच्या आत मला पान वाढतात, तेही वन्संच्या हातचे. पिशवीत माझ्या आईसाठी आठ दिंडे बांधून देतात. मी अकराची गाडी धरते. आता गाडीऐवजी मुलगा मोटारसायकलवर सोडतो. माझ्या माहेरी माझी भावजय तोवर तिच्या माहेरी निघालेली असते, आम्ही कधीकधी फाट्यावर भेटतो. दुपारचा झोका तिच्या माघारी मी आणि माझी बहीण सांभाळतो. अशी ही साखळी कुणीतरी एका घरात सुरू करावी लागते. सुनेने आपल्या तोंडाने मागितले तर ते भांडण वाटते. नणंदेने सुरू केले तर ते मायेचे होते. म्हणून हे मी माहेरी निघालेल्या भगिनींना सांगते आहे. तुम्ही परातीपाशी बसा आणि वहिनीला विचारा, तुझी गाडी किती वाजता?

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. ती कटू आहे, पण माझ्या नोकरीत मी ती पाहिली म्हणून बोलते. लेकी सगळ्या एकत्र येतात तो दिवस पाहून काही घरांत जेवणे झाली की कागद पुढे येतो. हक्कसोडपत्र. "तुझी सही झाली की सातबारा मोकळा होईल, कर्जाचं काम अडलंय." पुरणाचे दिंड पोटात असताना बहीण नाही म्हणत नाही. एका गावात मी शेततळ्याच्या मंजुरीसाठी गेले होते. तिथे चौघी बहिणींनी अशा सह्या केल्या होत्या. पुढची पंचमी आली तेव्हा त्यांना आणायला कुणी गेले नाही. धाकटी मला म्हणाली, "बाई, जमिनीचं काही नाही. पण मूळ यायचं बंद झालं."

कायदा सांगते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने त्यात फरक पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. हक्क सोडायचा की ठेवायचा हे ज्या त्या बहिणीने ठरवावे. कुणी आनंदाने सोडते, कुणाला त्याची गरज असते. त्यात आपण पडू नये. पण सोडायचा असला तरी ते नोंदणी कार्यालयात जाऊन, कागद वाचून घेऊन, चार दिवस विचार करून करायचे काम आहे. पंचमीच्या ताटावर ते आणू नका. बहिणींनो, कुणी आणलेच तर "घरी जाऊन वाचते आणि कळवते" एवढे म्हणायला शिका. आणि भावांनो, कर्जासाठी, अनुदानासाठी, विम्यासाठी सामायिक सातबाऱ्यावर सगळ्यांच्या संमतीने काम कसे होते हे तलाठी किंवा आमच्या कृषी सहाय्यकाला आधी विचारा. पुष्कळ वेळा बहिणीचे नाव कमी करण्याची गरजच नसते.

असो. चुलीवर कट वाट पाहतो आहे. कटात थोडे पुरण कालवा, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, मीठ घाला, वर तेलात मोहरी, हिंग, कढीलिंब यांची फोडणी. येळवणी पातळच हवी. ती दिंडाबरोबर वाटीने प्यायची, कालवायची नाही. ज्यांना गोड चालत नाही त्या घरातल्या म्हाताऱ्यांसाठी चार दिंडे मोड आलेल्या मटकीची भरून वेगळी उकडा, ओळखू यावीत म्हणून वर एक मिरी टोचा. मधुमेह असलेल्यांनी पुरणाचे अर्धे दिंड खाऊन ही दोन खावीत, पंगतीतून उठून जायची पाळी येत नाही.

उरलेली दिंडे त्या दिवशी उघडी ठेवू नका, निवल्यावर डब्यात भरा आणि रात्रीच संपवा. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. तेव्हा पुन्हा पाच मिनिटे वाफवा, किंवा पंचमी सरली म्हणून सुरीने काप करून तुपावर परता. त्या परतलेल्या कापांसाठी आमच्याकडची मुले षष्ठीची वाट पाहतात. कडा कुरकुरीत झाल्या पाहिजेत, घाई करू नका. लेकी निघताना त्यांच्या डब्यात कोरडे पुरण देऊ नये, प्रवासात ते आंबते. त्याऐवजी पाव किलो घरची डाळ बांधून द्या आणि बरोबर बाटलीभर पावसाचे पाणी.

पुढच्या अंकात सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याविषयी लिहीन. झाडाच्या देठावर दोन गोल खाचा दिसू लागल्या असतील तर वाट पाहू नका, तेवढा भाग खाचेच्या खालून तोडून बांधाबाहेर नेऊन जाळा. मात्र पंचमीच्या दिवशी नको.